नाखवा व्हायचंय? आधी आजीचं पॅन कार्ड शोधा

गिरगावातली चाळ पडली, टॉवर उभा राहिला, त्यातला फ्लॅट विकून तुम्ही बोरिवलीला गेलात आणि आता हाताशी चार पैसे आहेत. मेहुण्याने अलिबागला बंगला घेतला म्हणून तुम्ही यॉट घेताय, तीही परदेशात. अगदी योग्य निर्णय.

बोरिवलीचा फ्लॅट घेताना तुम्ही तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट काढला होतात, ओसी पाहिली होतीत आणि नळाला धार किती येते ते बघायला दोनदा गेला होतात. यॉटच्या बाबतीत असला कारकुनी बाणा सोडून द्या. फोटो पाहा, दलालाचा पांढराशुभ्र शर्ट पाहा आणि दहा टक्के इसार पाठवून द्या. सर्व्हेअर वगैरे नेमू नका. तो बोट पाण्याबाहेर काढायला लावतो आणि बुडाला हातोडीने टकटक करत फिरतो, शहाळेवाला शहाळं वाजवून बघतो तसा. मग मागच्या अंगाला उजवीकडे कोरलेला हल क्रमांक (गाडीचा चासी नंबर असतो तसा) कागदाशी अक्षर-अक्षर ताडून बघतो. चौदापैकी एक अक्षर जुळलं नाही की तोंड वाकडं. असल्या माणसाला शुभकार्यात बोलवू नये.

आता पैसे. रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस, म्हणजे परदेशी पैसे पाठवायच्या योजनेखाली माणशी वर्षाला अडीच लाख डॉलर बाहेर पाठवता येतात. एवढ्यात तुमच्या मनातली यॉट बसत नाही, पण मराठी माणसाकडे एकत्र कुटुंब असतं. तुम्ही, सौ., नववीतला चिरंजीव आणि चौऱ्याऐंशी वर्षांची आजी मिळून झाले दहा लाख डॉलर. अज्ञान मुलालाही ही सवलत आहे, सही पालकाने करायची. अट एवढीच, की ज्याच्या नावे पैसे जातील तो मालकीतही हवा. यासाठी बँक कर्ज देत नाही. उलट दहा लाख रुपयांवरच्या रकमेवर वीस टक्के टीसीएस (आगाऊ आयकर) वरून घेते. तो विवरणपत्र भरल्यावर वळता होतो, तोवर बोट घ्यायला काढलेल्या पैशातला एक लठ्ठ हिस्सा सरकारजमा.

आजीला हे समजावणं सोपं आहे. ब्रिटिश पद्धतीच्या जहाज-नोंदणीच्या रजिस्टरवर बोटीचे ६४ हिस्से धरतात. जुन्या रुपयाचेही पैसे ६४ च होते, त्यामुळे सोळा हिस्से म्हणजे चार आणे हा हिशेब तिला तुमच्या सीएआधी कळेल. पुष्कळ रजिस्टर परक्या माणसाला मालक म्हणून उभं करत नाहीत, तिथे एक कंपनी काढावी लागते. मग आजी परदेशी कंपनीची भागधारक. दरवर्षी विवरणपत्रात परदेशी मालमत्तेचा तक्ता भरायचा. तो विसरलात तर २०१५ चा काळ्या पैशाचा कायदा दहा लाखांचा दंड लावू शकतो, आणि त्या कायद्याला आजीचं वय दिसत नाही.

मालकी हक्काची काळजी तर अजिबात नको. रजिस्टरचा ताजा उतारा काढला की गहाणखत दिसतंच. दिसत नाही ते वेगळं. खलाशांचा थकलेला पगार, बंदराची थकबाकी, कुणाच्या बोटीला दिलेली धडक, बुडताना वाचवणाऱ्याची बिदागी, हे देणं जुन्या मालकाच्या नव्हे, बोटीच्या अंगाला चिकटलेलं असतं. बोट विकली तरी ते सुटत नाही. म्हणजे सातबाऱ्याच्या ‘इतर अधिकार’ रकान्यात न चढलेला बोजा, जो जमीन घेतल्यावर दारात येऊन उभा राहतो. विक्रेता करारात ‘बोट बोजारहित आहे’ असं लिहून देईल. विश्वास ठेवा. तोवर तो स्वतः कुठल्या बेटावर असेल हे विचारणं असभ्यपणाचं.

आणि समजा, घेणेकरी भेटलाच, तर बोटीला अटक होते. खरीखुरी अटक. २०१७ च्या अ‍ॅडमिरल्टी (सागरी दाव्यांच्या) कायद्याखाली मुंबई उच्च न्यायालय आदेश देतं आणि शेरीफचं, म्हणजे नगरपालांचं कार्यालय वॉरंट बजावतं. हे पद आपल्याला समारंभातल्या हारांमुळे माहीत असतं. वॉरंट डोलकाठीला लावायची जुनी रीत आहे. तेव्हा डोलकाठी पॉलिश करून ठेवा, कागद नीट बसतो.

झेंडा, म्हणजे बोट कुठल्या देशात नोंदवायची ते, निवडणं हा सगळ्यात आनंदाचा भाग. १९८२ चा सागरी कायद्याचा करार म्हणतो, की जहाज आणि झेंड्याचा देश यांच्यात ‘खरा संबंध’ हवा. म्हणूनच लायबेरियाचं रजिस्टर अमेरिकेतल्या व्हर्जिनियातून चालतं, आणि ज्या मंगोलियाला समुद्रकिनाराच नाही त्याचंही जहाज रजिस्टर आहे, सिंगापुरात. तुमचा मंगोलियाशी संबंध? मंच्युरियन पोटभर खाल्लंय, नकाशावर तेवढं जवळ चालतं. माल्टाचा झेंडा घेतलात तर युरोपात अठरा टक्के व्हॅट डोक्यावर. बाहेरचा घेतलात आणि तुम्ही युरोपचे रहिवासी नसलात तर व्हॅटशिवाय अठरा महिने मुक्काम, मग एकदा तुर्कस्तानाला जाऊन यायचं की घड्याळ पुन्हा शून्यावर. भाड्याच्या घराचा अकरा महिन्यांचा करार करणाऱ्यांना यात नवं काही नाही.

बोट मुंबईला आणायचीच असेल तर सीमाशुल्क आहेच, त्यावर जीएसटी चाळीस टक्के. सप्टेंबर २०२५ पासून यॉट तंबाखू ओढायच्या पाइपाच्या आणि रिव्हॉल्व्हरच्या पंगतीत बसली आहे. बोटीत आधीच बसवलेला सॅटेलाइट फोन विसरून या. परवानगीशिवाय तो इथे बाळगणं गुन्हा आहे, आणि २६/११ ला हल्लेखोर समुद्रातून, हाती तसलाच फोन घेऊन आले होते, त्यामुळे तटरक्षक दलापुढे ‘बोटीबरोबर फुकट मिळाला’ हे उत्तर फार रंगत नाही. झेंडा तिरंगा लावायचा म्हटलात तर १९५८ चा कायदा पाठ करू नका, २०२५ मध्ये नवा आला. शंका विचारायला नौवहन महासंचालनालय आहे, कांजूरमार्गला. समुद्राचं खातं सेंट्रल लाइनवर. फास्ट लोकल तिथे थांबत नाही.

एवढं सगळं झालं की एका रविवारी जेवणं आटोपल्यावर आजीपुढे परदेशी पैसे पाठवायचा फॉर्म ए-२ ठेवा. ती चष्मा लावील, ओळीवर बोट ठेवून वाचील आणि तुमच्या पाच वकिलांपैकी एकानेही न विचारलेलं विचारील: “पावसात बांधायची कुठे?”

जून लागला की गेटवेची मांडवा लाँच बंद होते, समोर नांगरलेल्या बोटी उचलून सुरक्षित जागी न्याव्या लागतात, आणि ही जागा फ्लॅटच्या पार्किंगसारखी पावतीवर मिळत नाही. तुम्ही न डगमगता म्हणा, “माल्टाला.”

आजी चष्मा काढून पदराने पुसेल. मग पेन बाजूला ठेवून भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणाऱ्या रो-रोला गाडीसकट किती पडतात ते विचारील.