फीत कापली आहे, बाकीचं होऊन जाईल

समुद्रकिनारी नवं रिसॉर्ट उघडल्याचं कळलं की वेळ न दवडता पहिल्याच महिन्यात जाऊन यावं. जुन्या रिसॉर्टात असतं काय? नळ सोडला की पाणी येतं, कडी लावली की दार लागतं. एवढ्यासाठी घर होतंच की. नव्या रिसॉर्टात कोणत्या नळातून काय येईल हे मालकालाही ठाऊक नसतं. ते शोधून काढण्याचा मान तुमचा, आणि त्याचे रात्रीला फक्त सहा हजार. नाश्ता धरून.

जागा कुठली निवडावी याची फार चिंता करू नका. दापोली तालुक्यात आंजर्ले, मुरूड, कर्दे, लाडघर यांपैकी कुठेही बोट ठेवा, एखादी फीत नुकतीच कापलेली सापडेल. जाहिरातीतले फोटो नीट बघावेत. तरणतलावाकाठी पांढरी टोपी घालून बसलेली बाई दिसली आणि तिची सावली एकीकडे, खुर्चीची दुसरीकडे पडली असेल, तर ती बाई संगणकात राहते. तिथे भेटायची आशा धरू नका. फोन करून "पूल चालू आहे ना?" असं विचारलंत तर "हो, चालूच आहे" असं उत्तर मिळेल. ते खरं असतं. काम चालू असतं.

जाताना मुंबई-गोवा महामार्गानेच जा. त्याच्या रुंदीकरणाचं काम 2011 पासून सुरू आहे, आणि या प्रवासाची तयारी त्याच्याइतकी चांगली कुणी करून घेत नाही. पनवेलपासून डायव्हर्जनच्या पाट्या वाचत, अर्धवट उड्डाणपुलांच्या खालून वळणं घेत माणूस खेडला उतरतो, तोवर पूर्ण झालेल्या वस्तूंबद्दलच्या त्याच्या अपेक्षा मंडणगडच्या उंचीवरून पार खाडीत आलेल्या असतात. पुढे रिसॉर्टच्या फाटकाला फाटक नाही, नुसतेच दोन खांब आहेत, हे त्याच्या लक्षातही येत नाही.

गाडी कुठे लावायची ते विचारू नका. चिऱ्यांची चळत आणि खडीचा ढीग यांच्यामध्ये जी जागा उरते, तेच पार्किंग. मालक स्वतः पुढे येऊन कोकम सरबत देतील. ते सरबत मात्र उत्तम असतं, कारण ते त्यांच्या आईनं केलेलं असतं आणि आईचं काम अर्धवट राहत नाही. सरबत पिताना वर बघू नये. वर गच्चीतून गंजक्या सळया आभाळात गेलेल्या असतात. तो दुसरा मजला. पुढच्या सीझनला होऊन जाईल.

खोलीत शिरल्यावर रंगाचा वास येईल. तो ताजेपणाचा वास समजावा. काँक्रीटची ताकद 28 दिवसांनी तपासतात, म्हणजे तुमच्या डोक्यावरचा स्लॅब कदाचित तुमच्या आरक्षणापेक्षाही तरुण असेल. छताला बांबूचा टेकू दिसलाच तर घाबरू नका, त्यावर टॉवेल वाळत घाला. टॉवेल टांगायला खोलीत दुसरी सोय नसते. प्लास्टर ओलं असतानाच रंग मारल्यामुळे भिंतीला फोड आलेले असतात. मुलांना ते फोडायला द्या, दुपार निघून जाते. वाळू खाडीची असेल तर पहिल्या पावसानंतर भिंतीला लोणा, म्हणजे मिठाचा पांढरा थरही लागेल, पण तो बघायला तुम्ही नसाल. ते सुख पुढच्या पाहुण्यांसाठी राखून ठेवलेलं आहे.

न्हाणीघरात मात्र सावकाश, मन लावून जावं. सगळा खरा आनंद तिथेच आहे. लाल खुणेच्या नळाला गार पाणी येईल आणि निळ्या खुणेच्या नळाला काहीच येणार नाही. गरम पाणी कुठे गेलं, असा प्रश्न पडला तर फ्लशच्या टाकीला हात लावून बघा. ती सुखद कोमट लागेल. पाणी चाखून बघायची गरज नाही, साबणाला फेस आला नाही की बोअर मचूळ लागली हे समजतं. शॉवर भिंतीत पक्का बसवलेला आहे की नुसता टेकवून ठेवला आहे, याची खात्री अंगाला साबण लावण्याआधी करावी. आणि आंघोळ झाल्यावर बाहेर येताना पाय जपून टाका. पाणी उताराकडे जातं हा निसर्गाचा नियम; उतार पलंगाकडे काढावा हा गवंड्याचा.

मग प्लंबरला बोलवायला सांगा. "येतोच आहे" असं सांगतील. तो येतोच असतो. सुतार गणपतीला गावी गेला तो दिवाळीला परत आला, आल्यावर त्यानं अर्ध्या खोल्यांना दारं बसवली, आता शिमग्याच्या पालख्या उठेपर्यंत त्याला हाक मारण्यात अर्थ नाही. ज्या खोल्यांना दारं मिळाली त्यांना कड्या नाहीत आणि ज्यांना कड्या आहेत त्यांच्या चौकटी फुगल्या आहेत. अशा वेळी दाराला आतून बॅग लावावी. म्हणून बॅग नेहमी जड न्यावी.

वातानुकूलन आहे, आणि सगळ्या खोल्यांत आहे. फक्त विजेचं कनेक्शन अजून बांधकामाच्या वेळचं, तात्पुरतं आहे. दोन एसी एकदम लागले की सगळीकडे अंधार. त्यामुळे संध्याकाळीच शेजारच्या खोल्यांत जाऊन ओळख करून घ्या आणि पाळ्या लावा: दहा ते बारा नाशिककर, बारा ते दोन तुम्ही, पहाटेचा गारवा डोंबिवलीच्या आजोबांना. एरवी चार दिवस राहूनही शेजारी कोण आहे हे कळत नाही. इथे पहिल्याच रात्री व्हॉट्सॲपचा ग्रुप तयार होतो.

जेवणाविषयी एकच सूचना, मासे मागू नका. हर्णै बंदरावर संध्याकाळी लिलाव होतो, वाळूत टोपल्या मांडल्या जातात, सुरमई-पापलेटवर बोली लागते, हे सगळं तुम्ही गाडीने जाऊन डोळ्यांनी बघू शकता. परत आल्यावर ताटात पनीर असेल. स्वयंपाकघरात अजून मोठी शेगडी बसायची आहे, आणि स्वयंपाकी परवाच आला आहे, डोंगरातल्या गावाहून. बिचाऱ्यानं समुद्र पाहिला तोच मुळी तुमच्या आधी दोन दिवस. मेनूकार्डावर मात्र तिसऱ्या, कोळंबी, सोलकढी, तांदळाची भाकरी असं सगळं आहे. मेनूकार्ड सुंदर छापलं आहे. मेनूकार्ड पूर्ण आहे.

समुद्राबद्दलही थोडं. संकेतस्थळावर दिसलेली ती ऐसपैस पुळण ओहोटीच्या वेळची असते. तुम्ही पोहोचाल तेव्हा भरती असेल आणि लाटा सुरूच्या झाडांच्या मुळांशी आलेल्या असतील. भरतीची वेळ काउंटरवरच्या मुलाला विचारू नका, तो इथला नाही. भिंतीवरचं कॅलेंडर बघा, कारण कॅलेंडर तेवढं खिळ्याला लावून झालेलं असतं. किनाऱ्यावरचा जुना हिशोब असा, की तिथीची पाऊणपट करावी म्हणजे भरतीची साधारण वेळ निघते. पंचमी असेल तर पावणेचारच्या सुमारास. त्यानंतर सहा तासांनी ओहोटी, म्हणजे पुळण रात्री पावणेदहाला मिळेल. किनाऱ्यावर दिवे अजून लागायचे आहेत.

मालक अभिमानानं सांगतील, "पलंगावरून पाय काढला की वाळूत." यावर भरतीरेषा, 200 मीटर असले शब्द काढू नयेत. किनारपट्टीचे नियम 1991 पासून आहेत, 2019 ला नव्यानं आले, दाट वस्तीच्या गावांसाठी 50 मीटर आणि विरळ वस्तीसाठी 200 मीटर अशी बांधकामबंदी त्यांत आहे, हे तुम्हाला माहीत असलं तरी तुम्ही सुट्टीवर आहात. समुद्र जेवढा जवळ तेवढी कागदपत्रं लांब, एवढं समजून मुकाट सूर्यास्त बघावा.

मालकांवर रागावू तर मुळीच नका. हे मी उपरोधानं म्हणत नाही. 2020 च्या 3 जूनला निसर्ग वादळानं या किनाऱ्यावरच्या वाड्यांत माड आणि पोफळी आडव्या केल्या. नवी पोफळ लावली तर सुपारी हाती यायला पाच-सात वर्षं जातात, आणि बँकेचा हप्ता प्लंबरच्या आधी येतो. पावसाळ्याचे चार महिने किनारा बंद, राहिलेल्या आठांत दिवाळी, नाताळ आणि मे एवढीच काय ती कमाई. दिवाळी चुकली की वर्ष गेलं. मग फीत कापावीच लागते, आणि राहिलेलं रिसॉर्ट पाहुण्यांच्या पैशांनी आणि पाहुण्यांच्या अंगावर पुरं होतं. हा धंदा मला समजतो. दर मात्र सगळं पुरं झाल्यासारखा का, ते समजत नाही.

म्हणून निघायच्या दिवशी मालक वही घेऊन बसतील आणि "काय काय राहिलंय, मोकळेपणानं सांगा" म्हणतील, तेव्हा खरंच सांगा. गीझर, उतार, कड्या, दोन एसी लागले की पडणारा विजेचा स्विच, शॉवर, फाटक. ते सगळं लिहून घेतील, तारीख घालतील. हेच काम साइटवर एखादा इंजिनिअर करता तर त्यानं फी लावली असती. तुम्ही ते बायकोमुलांसह, दोन दिवस मुक्काम करून, आगाऊ पैसे भरून केलंत. बिलात सवलत मागू नका. चहा वर्ज्य करू नका, तो फुकट असतो.

बिल झालं की मालकांचा मुलगा त्याचा फोन पुढे करील, पाच तारे द्यायला. देऊन टाका. खाली "निसर्गरम्य परिसर, आपुलकीची माणसं" असं लिहावं, दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि दोन्ही त्यांना बांधाव्या लागलेल्या नाहीत. घरी आल्यावर सोसायटीत मात्र विशेष काळजी घ्या. सहा हजार देऊन पलंगाखालचं पाणी उपसलं, हे कुणाला कळता कामा नये. सुरूच्या झाडांचा आणि सूर्यास्ताचा फोटो टाका, रिसॉर्टचा नंबर साडूला पाठवा, आणि 104 नंबरची खोली आवर्जून मागायला सांगा.

साडू जाऊन येतील. परवा त्यांचा मेसेज येईल, "एकदम झकास! तुम्ही परत जाणार असाल तर 102 घ्या."