कातळशिल्पांवरचा तो मेसेज: गेंडा, कंपास आणि 40 हजार वर्षं

कोकणातल्या कातळशिल्पांबद्दलचा, म्हणजे उघड्या खडकावर खोदलेल्या चित्रांबद्दलचा, एक मेसेज गेली काही वर्षं फिरतोय. त्यात म्हटलंय: रत्नागिरीत 40 हजार वर्षांपूर्वीची लुप्त संस्कृती नुकतीच सापडली, ते लोक आफ्रिकेतून आले, कारण चित्रांत गेंडा आणि पाणघोडा आहे, एका चित्रापाशी कंपास वेडावतो, म्हणजे त्यांना चुंबकशास्त्र येत होतं, काहीच उगवत नाही अशा खडकावर सामान्य माणूस कशाला जाईल, आणि युनेस्कोने हा जागतिक वारसा जाहीरही केलाय.

गेंड्यापासून सुरुवात करू, कारण सगळा डोलारा त्याच्यावर उभा आहे. आफ्रिकेतल्या दोन्ही जातींच्या गेंड्यांना दोन शिंगं असतात. एकशिंगी गेंडा आपल्याकडचा. त्यासाठी आसामपर्यंत जायचीही गरज नाही. गुजरातेत लांघणजच्या मध्याश्मयुगीन वस्तीत गेंड्याचं हाड मिळालं, सिंधू संस्कृतीच्या मुद्रांवर गेंडा आहे, आणि 1974 साली आपल्याच नगर जिल्ह्यात दायमाबादला सापडलेल्या ब्राँझच्या चार वस्तूंपैकी एक गेंडाच आहे. पाणघोड्याचे जीवाश्म नर्मदेच्या खोऱ्यात निघालेत. पश्चिम भारतात एकेकाळी कोणते प्राणी होते, याचा हा पुरावा. त्यावरून माणसांची बोट आफ्रिकेतून कशी निघाली कळत नाही. शिवाय याच सड्यांवर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारांवर, हत्ती, वाघ, मोर, मासे खोदलेत. राजापूर तालुक्यातल्या कशेळीचा हत्ती तर 18 मीटरांच्या आसपास लांब, आणि त्याच्या पोटात आणखी कितीतरी प्राणी. बघून, ओळखून काढलेलं आहे ते.

आता 40 हजार. कार्बन पद्धतीने वय काढायला कोळसा, हाड असं काही सेंद्रिय लागतं. उघड्या कातळावरच्या खोदरेषेत ते नसतं. चित्रांत शेती दिसत नाही, शिकारीचे प्राणी दिसतात, म्हणून ती शिकारी-संग्राहक लोकांची, सुमारे 12 हजार वर्षं जुनी असावीत असा तर्क अभ्यासकांनी मांडलाय. तर्क विचार करण्याजोगा आहे, पण तो मोजलेला आकडा नव्हे. शेती करणाऱ्याने नांगर काढलाच पाहिजे असंही नाही. शिवाय सगळी चित्रं एकाच काळातली, हे कोणी ठरवलं?

कंपासची गोष्ट खरी आहे. देवाचे गोठणे या गावी मानवाकृतीपाशी सुई भरकटते. पण जांभा म्हणजे लोहाने भरलेला दगड. त्यात चुंबकीय खनिजं असतात, आणि उघड्या कातळावर वीज पडली तर तेवढ्या जागेत चुंबकत्व भरून राहू शकतं. त्या जागेवर गूढ असं फार काही घडत नाही. आणि ज्यांच्याकडे कंपासच नव्हता, त्यांना सुई फिरलेली कळली कशी?

‘नुकतीच सापडली’ हेही चूक. गोव्यात कुशावती नदीकाठचं उसगाळीमळ 1993 पासून अभ्यासकांना माहीत आहे, सिंधुदुर्गातलं कुडोपीही आता नवं नाही. रत्नागिरीत सुधीर रिसबूड आणि त्यांचे सहकारी वर्षानुवर्षं सडे पालथे घालत आले; पुरातत्त्व खात्याचं काम त्याला जोडून आलं. देवीहसोळला तर आर्यादुर्गेच्या देवळापाशीच शिल्प आहे. युनेस्कोचं म्हणाल तर 2022 मध्ये नऊ ठिकाणं तात्पुरत्या यादीत गेली. ती उमेदवारी झाली, निकाल नव्हे.

राहिला ‘काहीच उगवत नाही’ हा मुद्दा. मेसेज लिहिणारा बहुधा मे महिन्यात आला असावा. जुलै ते सप्टेंबरात त्याच सड्यावर गेंद, सीतेची आसवे, दवबिंदू फुलतात. यातल्या शेवटच्या दोन कीटकभक्षी, कारण कातळावर पोषण कमीच. दिपकाडी कोंकणेन्से ही पांढऱ्या फुलांची वनस्पती तर कोकणच्या सड्यांचीच. खळग्यांत साठलेल्या पाण्यात बेडूक, किडे, मागोमाग पक्षी आणि जनावरं. असा सडा शिकाऱ्याला ओसाड वाटला नसणार. ओसाड तो सातबाऱ्यावरच्या ‘पोटखराबा’त, म्हणजे लागवडीला निरुपयोगी जमिनीच्या नोंदीत, ठरतो, आणि मग चिरेखाण किंवा कलमांसाठी भर टाकायला मोकळा होतो. बारसूच्या सड्यावर 2023 मध्ये रिफायनरीच्या माती परीक्षणावरून आंदोलन झालं. दोन वाघांच्या मधे हात पसरून उभ्या माणसाचं शिल्प तिथलंच. मेसेजमध्ये त्याचं नावसुद्धा नाही.