गाडीतला फ्रिज कुणाचा ते एकदा ठरवा

आमच्या घरात कुणी लिहून ठेवलेला नाही पण सगळे पाळतात असा एक नियम आहे, कॅम्पर, म्हणजे आत राहाय-झोपायची सोय केलेली गाडी, पुरुषांची आणि तिच्यातला फ्रिज माझा. इंजिन, बॅटरी, वायरिंग, सिलिंडर, चावी, पार्किंग हे सगळं नवरा आणि दीर बघणार, आणि आतून एखादी बाटली कोमट निघाली की सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळणार. अरे पण तो चालतो कशावर? तुमच्याच बॅटरीवर, तुमच्याच वायरवर, तुमच्याच सिलिंडरवर ना! माझ्या ताब्यात काय, तर डबे. आणि डब्यांवरसुद्धा माझं चालत नाही ते पुढे सांगते.

फ्रिज साधा नाही आमचा. ट्रॅव्हलरची कॅम्पर करून घेतली तेव्हा कुठल्यातरी जुन्या परदेशी कॅरॅव्हॅनमधला सेकंड-हँड मिळाला, तीन प्रकारे चालणारा, घरच्या २३० व्होल्टवर, गाडीच्या १२ व्होल्टवर नाहीतर गॅसवर. विकणाऱ्याने "मॅडम, लायट गेली तरी टेन्शन नाही" एवढंच सांगून पैसे मोजून घेतले. थंड व्हायला किती वेळ लागतो ते बरोब्बर गिळलं. यात कॉम्प्रेसर नसतो. अमोनिया, पाणी आणि हायड्रोजन नळ्यांत भरलेलं असतं आणि मागून उष्णता द्यायची, मग थंडी तयार होते. १९२२ मध्ये स्वीडनच्या बाल्टझर फॉन प्लाटेन आणि कार्ल मुंटर्स या दोन विद्यार्थ्यांनी काढलेली ही युक्ती, डोकं भारीच, पण त्यांच्या स्टॉकहोममध्ये मे महिन्यात आमच्या गोव्यातल्या फोंड्यासारख्या घामाच्या धारा लागत नसणार. बाहेर जितकं गरम तितका हा फ्रिज रडतो. त्यामुळे निघायच्या आदल्या रात्री तरी, आणि आपल्याकडच्या मे महिन्यात तर आदल्या दिवशी सकाळीच, रिकामा लावून ठेवावा लागतो. मग त्यात आधीच गार केलेल्या वस्तू भरायच्या. गरम वस्तू गार करणं हे त्याचं कामच नाही, गार आहे ते गार ठेवेल बिचारा. हे मी किती वेळा सांगितलंय याचा हिशेब आता देवाकडेच असेल.

तर परवा दांडेलीला जायचं होतं. मी आदल्या सकाळी खायच्या सोड्याच्या कोमट पाण्याने फ्रिज आतून पुसला, दाराचं रबर पुसलं (आपल्या दमट हवेत त्या घडीत काळी बुरशी इतकी बसते की बोटाने निघत नाही), बाहेरच्या जाळ्या झाडल्या कारण खालच्या जाळीतून हवा आत जाऊन वरच्या जाळीतून गरम हवा बाहेर पडली नाही तर थंडी विसरा, आणि तिथे कुंभारमाशीने चिखलाचं घर बांधून ठेवलं होतं. मागे कुठे पिवळा डाग किंवा अमोनियाचा वास नाही ना ते पाहिलं, तो असेल तर नळी फुटली समजायचं आणि नवा फ्रिज घ्यायचा. गॅसच्या जोडावर साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का तेही बघितलं. हे सगळं मी केलं, "तुझा फ्रिज आहे" म्हणून. मग एक्स्टेन्शन लावून घरच्या लायटीवर चालू केला आणि आत पाण्याच्या ग्लासात थर्मामीटर ठेवला.

संध्याकाळी जाऊन बघते तर थर्मामीटर जिथल्या तिथे. प्लगच काढलेला! भाऊजींना टाकीवर पाणी चढवायचं होतं म्हणून मोटर लावायला प्लग काढला, टाकी भरली, मोटर बंद केली आणि फ्रिजचा प्लग तसाच लोंबकळत ठेवून माणूस क्रिकेट बघायला गेला. विचारलं तर म्हणतात, "वहिनी, आवाजच येत नव्हता, मला वाटलं बंदच आहे." अहो भाऊजी, आवाज नसतोच त्याला! कॉम्प्रेसर नाही तर घूं घूं कुठून येणार? पण एवढं समजून घ्यायला आधी ऐकावं लागतं आणि ऐकायचं कुणी, मी तर फक्त डबेवाली.

परत लावला. रात्री वादळी पाऊस आला, लायट गेली, आली, परत गेली, आली तेव्हा व्होल्टेज इतकं कमी की पंखा म्हाताऱ्यासारखा फिरत होता. आणि या फ्रिजचं असं की आत हीटरची कॉइल आहे, व्होल्टेज २३० चं १९० झालं की उष्णता जवळजवळ दोन तृतीयांशच उरते. म्हटलं, मग गॅसवर टाकू या रात्रीपुरता, तीन प्रकार कशाला दिलेत. तर सिलिंडरच्या कप्प्याची चावी नवऱ्याच्या खिशात आणि नवरा मित्राकडे, उर्राकचा (काजूच्या दारूचा) सीझन संपत आला ना, निरोप नको द्यायला?

सकाळी फ्रिज चौदा अंशांवर. पाचच्या खाली यायला हवा होता. आणि आता कहर ऐका. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत ट्रॉलर बंद, म्हणजे ६१ दिवस खोल समुद्रातली मासळी विसरा, त्यामुळे मेच्या शेवटी आमच्या घरात जणू जग बुडायला आल्यासारखी मासळी खरेदी होते. मी आठवडाभर आधी सांगितलं होतं की बांगडे रेशाद मसाला लावून सपाट पिशव्यांत घरच्या फ्रीझरमध्ये गोठवू, बाटल्यांत पाण्याचा बर्फ करू, तेच गाडीत ठेवू. कुणाला पडलंय! सकाळी सहा वाजता भाऊजी बाजारातून ताजे बांगडे, सुंगटं (कोळंबी) आणि इसवणीचे (सुरमईचे) तुकडे घेऊन हजर. त्याच वेळी आईंनी कालचं हुमण, म्हणजे माशाचं कालवण, उकळून, वाफा निघत असताना, पातेल्यासकट गाडीत चढवलं. जाऊबाईंनी सोड्याच्या बाटल्यांची क्रेट कोंबली, ती रात्रभर व्हरांड्यात होती. आणि उरलेल्या फटीत, मला खरंच रडू येत होतं, पोदेराकडून (पाववाल्याकडून) घेतलेले पाव! पाव फ्रिजमध्ये कशाला हवेत? आतली हवा खेळायला थोडी जागा सोडावी लागते, इथे पाचर ठोकल्यासारखं सगळं भरलं आणि दार ढुंगणाने ढकलून बंद केलं.

मी बोलले. "आई, हुमण निवू दे तरी." तर, "अगं फ्रिज कशाला असतो मग?"

इथे मी गप्प बसले, कारण पुढे अनमोडचा घाट होता आणि भांडण करून घाट चढले तर मला गाडी लागते.

मोलेपर्यंत १२ व्होल्टवर चाललं असेल अशी मी आशा धरून होते. गाडी चालताना गॅस बंदच हवा, त्यात वाद नाही, पेट्रोलपंपावर ज्योत पेटलेली असेल तर आपणच हार घालून फोटोत जाऊ. नवऱ्याने सिलिंडर बंद ठेवला ते बरोबरच केलं. पण फ्रिजचा खटका १२ व्होल्टवर फिरवायचा असतो, तो फिरवलाच नाही. म्हणजे फोंड्याहून रामनगरपर्यंत फ्रिज कशावरच नव्हता. मी विचारलं तर "मला वाटलं तू केलंस." खटका वायरिंगचा भाग, वायरिंग तुमच्याकडे, नाही का? की जिथे चूक होते तेवढाच भाग किचनमध्ये येतो?

दांडेलीत पोचल्यावर नदी दिसावी म्हणून गाडी उतारावर लावली. म्हटलं, सपाट जागा घ्या, या नळ्यांतलं पाणी आणि अमोनिया पंपाने फिरत नाही, उतारानेच खाली येतं, गाडी वाकडी उभी राहिली की ते तिथेच साचतं आणि फ्रिज तसाच तासन् तास चालू ठेवला तर नळ्या कायमच्या चोंदतात. चालत्या गाडीत हलून हलून निभावतं, उभ्या गाडीत नाही. मी सोड्याची बाटली आडवी ठेवून दाखवली, ती घरंगळत थेट ड्रायव्हरच्या सीटखाली गेली. सगळे हसले. व्ह्यू महत्त्वाचा! मग इंजिन बंद करून भाऊजींनी १२ व्होल्टचा खटका मारला, आता आठवला, आणि हा फ्रिज १२ व्होल्टवर दहा-बारा अँपियर ओढतो, १०० अँपियर-तासाच्या लेड-अॅसिड बॅटरीतली अर्धी वीज चार-पाच तासांत. रात्री दिवे गेले, पंखा गेला, डास आले.

दुसऱ्या दिवशी मी बांगडे फेकून दिले. सगळे. आई म्हणाल्या, वास येत नाहीये, नीट तळले तर चालतील. नाही चालणार हो! बांगडा, इसवण, कुपा (टूना), ही मासळी उबेत राहिली की तिच्यात हिस्टामिन तयार होतं आणि ते तळून उकळून जात नाही, वासही आधी यावाच असं नाही, तोंड लाल, डोकं ठणकतं, उलट्या. त्या जंगलात उलट्या सुरू झाल्या तर डॉक्टर कुठे शोधायचा? इसवणही गेली, सुंगटंही गेली, हुमणाला फेस आला होता. आणि आता घरी येऊन आमच्या नातेवाइकांत चर्चा काय, तर हिने शंभराच्या नोटा नदीकाठी पुरल्या.

पुढच्या वेळी आदल्या सकाळपासून गाडीची चावी, सिलिंडरची चावी आणि तो प्लग पॉइंट माझ्या ताब्यात, गाडी कुठे उभी करायची ते मी सांगणार, आणि टाकीत पाणी नसेल तर बादलीने आणा. नाहीतर बर्फाचा खोका घ्या आणि आपले आपण जा. नवरा म्हणतो, "अगं एवढं काय मनावर घेतेस?" सध्या पावसाळ्याआधी गाडी झाकून ठेवलीय, आत बुरशी धरू नये म्हणून फ्रिजचं दार मी कापडाचा बोळा लावून उघडं ठेवलंय, आणि रोज कोण जाणे कोण तो बोळा काढून दार नीट बंद करून येतंय.