पडदा आहे, तर काढून का टाकत नाहीस?

सोनोग्राफी करणारी बाई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "गर्भ ५ मिलिमीटरचा आहे, ठोका दिसत नाही. पण ७ मिलिमीटरच्या आत असताना मी आज काही ठाम सांगू शकत नाही. सात दिवसांनी परत या." मी कपडे सावरत होते तेवढ्यात तिने विचारलं, "तुमच्या गर्भाशयाचा आकार जरा वेगळा आहे, हे याआधी कुणी सांगितलं होतं का?"

नव्हतं सांगितलं कुणी.

बाहेर येऊन आईला भारतात फोन लावला. "सात दिवस?" आई म्हणाली. "अगं, इथे असतीस तर संध्याकाळपर्यंत पिशवी साफ करून घरी आली असतीस." तेव्हा मला तिचंच पटलं. ते सात दिवस मी कसे काढले ते लिहीत नाही, ज्यांनी काढलेत त्यांना माहीत आहे. पण या नियमामागे कारण आहे. ब्रिटनमध्ये आधी याहून कमी मापावर "ठोका नाही, म्हणजे गर्भ गेला" असं ठरवत. मापात एखाद-दुसऱ्या मिलिमीटरची चूक सहज होते आणि तेवढ्यावर जिवंत गर्भही गेला म्हणून काढला जाऊ शकतो, असं संशोधनातून पुढे आल्यावर २०११ मध्ये ही मर्यादा वाढवली गेली. म्हणजे तो आठवडा माझा छळ करायला नव्हता, खात्री करायला होता. हे तिथेच दोन वाक्यांत सांगितलं असतं तर बरं झालं असतं. मला ते नंतर वाचून कळलं.

सात दिवसांनी गर्भ तेवढाच होता. गोळ्या, सक्शन की वाट बघणं, असं विचारल्यावर मी वाट बघायचं ठरवलं. पाचव्या दिवशी घरीच सगळं झालं. हातात एक कागद होता: तीन आठवड्यांनी घरी प्रेग्नन्सी टेस्ट करा, निगेटिव्ह आली तर आम्हाला कळवायची गरज नाही. टेस्ट निगेटिव्ह आली. मी कुणाला कळवलं नाही, मलाही कुणी विचारलं नाही. आमच्या फॅमिली डॉक्टरांना गेलेल्या पत्रात गर्भाशयाच्या आकाराबद्दल एकच ओळ होती, पुन्हा असं झाल्यास पुढील तपासणीचा विचार करावा.

पुन्हा झाल्यास! पाऊस पडला तर छत्री घ्या म्हणावं, तसं.

इथली ही मोजणी जुनी आहे. तीन गर्भपात झाले की मगच बाईला "वारंवार गर्भपात होणारी" म्हणायचं आणि सगळ्या तपासण्या करायच्या. युरोपातल्या आणि अमेरिकेतल्या तज्ज्ञ संस्था दोनावर येऊन बरीच वर्षं झाली. २०२१ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने या विषयावर लेखमालाच छापली. जगात वर्षाला अंदाजे २ कोटी ३० लाख गर्भपात होतात, ही संख्या त्यातलीच. तिसऱ्याची वाट बघणं सोडा, पहिल्या गर्भपातापासून पायरीपायरीने काळजी घ्या, असं त्यात स्पष्ट म्हटलं होतं. इथल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजने २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये ही पायऱ्यांची पद्धत उचलून धरली. कागदावर उचलणं आणि दवाखान्यात पोचणं यातलं अंतर मी स्वतः चालले आहे.

तिकडे घरात वेगळंच चाललं होतं. माझी मावसबहीण स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. तिने रिपोर्ट मागवला, पाहिला आणि म्हणाली, "ताई, गर्भाशयात पडदा असणार. दुर्बिणीतून कापतात, पोटावर टाकासुद्धा नाही. पडदा आहे, तर काढून का टाकत नाहीस? दुसरं जायची वाट कशाला बघायची?" हे घरात पसरायला एक संध्याकाळ पुरली. आणि खरं सांगते, सगळ्यांना हायसं वाटलं. मलाही. तोवर संशय माझ्यावर होता: फार धावपळ करते, वय झालं, ऑफिसचा ताण. आता गुन्हेगार सापडला होता आणि तो मी नव्हते, एक पडदा होता.

आपलं आणि इथलं खरं भांडण मला इथे दिसतं. घरी गुन्हेगार पकडायची घाई, इथे गुन्हे मोजत बसायची सवय. पुरावा कुणीच बघत नाही.

पुरावा म्हणजे काय? पहिल्या तिमाहीत जाणाऱ्या गर्भांपैकी साधारण निम्मे, काही पाहण्यांत त्याहूनही जास्त, गुणसूत्रांच्या चुकीमुळे जातात. बीज आणि शुक्राणू एकत्र येतानाच मोजदाद चुकलेली असते. त्या गर्भाला जगातलं सगळ्यात देखणं गर्भाशय मिळालं असतं तरी तो राहिला नसता. त्यामुळे पडदा आहे आणि गर्भपात झाला, या दोन्ही गोष्टी खऱ्या असूनही पहिलीमुळे दुसरी घडली, असं म्हणता येत नाही. ते म्हणायला गेलेल्या गर्भाच्या ऊतींची तपासणी हवी. गुणसूत्रं चुकलेली निघाली तर पडदा निर्दोष. नीट निघाली तर पडद्याकडे बोट दाखवायला जागा आहे. पण ही तपासणी इथे सर्वसाधारणपणे तिसऱ्या गर्भपातापासून करतात. माझा पुरावा घरच्या बाथरूममध्येच वाहून गेला.

हा पडदा येतो कुठून, तेही सांगते, कारण "जन्मदोष" हा शब्द ऐकून आई दोन दिवस रडत होती, तिच्याच गर्भारपणात काही चुकलं असं समजून. गर्भाशय मुळात दोन नळ्यांचं बनतं. मुलगी आईच्या पोटात असतानाच त्या नळ्या शेजारी येऊन जुळतात आणि मग मधली भिंत विरघळून जाते. ती पूर्ण विरघळली नाही की राहतो तो पडदा. नळ्याच नीट जुळल्या नाहीत तर गर्भाशय वरून दुभंगतं, बदामासारखं. हा फरक जीवघेणा महत्त्वाचा आहे. दुभंगलेल्या गर्भाशयाला पडदा समजून आतून कापायला गेलं तर कात्री आरपार जाते. साध्या सोनोग्राफीत दोन्ही सारखेच दिसू शकतात, बाहेरची कड दिसायला थ्रीडी सोनोग्राफी किंवा एमआरआय लागतो. मूत्रपिंडं याच काळात, याच शेजारात घडतात, म्हणून अशा बाईची मूत्रपिंडंही एकदा बघून घ्यायची असतात. इथे ते कुणी सुचवलं नव्हतं. सुचवलं मावसबहिणीने. तिचं श्रेय तिला.

सुट्टीत भारतात गेले तेव्हा थ्रीडी सोनोग्राफी तिनेच करवून दिली. दहा मिनिटं लागली. इथे त्यासाठी मला आणखी दोन गर्भ गमवावे लागले असते. बाहेरची कड गुळगुळीत, म्हणजे दुभंगलेलं नाही. आत १२ मिलिमीटरचा, टोकदार पडदा. आता गंमत बघा. युरोपीय संस्थांच्या २०१३ च्या वर्गीकरणात आतली खाच भिंतीच्या जाडीच्या निम्म्याहून खोल असेल तर तो पडदा. अमेरिकी संस्थेने २०१६ मध्ये दीड सेंटीमीटरची रेघ आखली आणि २०२१ मध्ये ती एक सेंटीमीटरवर आणली. म्हणजे माझे १२ मिलिमीटर २०१६ मध्ये पडद्यात बसत नव्हते आणि २०२१ मध्ये बसायला लागले. गर्भाशय तेच, मी तीच.

आणि काढल्याने फायदा होतो का? वर्षानुवर्षं डॉक्टरांचा अनुभव सांगत होता की होतो: आधी मुलं राहत नव्हती, पडदा काढला, राहिली. पण दोन-तीन गर्भपातांनंतर काहीही न करतासुद्धा पुष्कळ बायकांना मूल होतं, त्यामुळे "आधी आणि नंतर" हा हिशेब फसवा आहे. चिठ्ठ्या टाकून दोन गट पाडण्याचा नीट प्रयोग झाला तो नेदरलँड्सच्या पुढाकाराने, तोही आठ वर्षं चालला आणि कशाबशा ८० बायका मिळाल्या. निकाल २०२१ मध्ये आले: पडदा कापलेल्यांत ३१ टक्क्यांना मूल झालं, न कापलेल्यांत ३५ टक्क्यांना. कापताना एका बाईच्या गर्भाशयाला भोक पडलं. ८० ही संख्या लहान आहे, यावरून शस्त्रक्रिया निरुपयोगी असं कुणी म्हणू नये, मीही म्हणत नाही. लागोपाठ तीन गर्भ गेलेले, गुणसूत्रं नीट, पडदा खोलवर उतरलेला, अशी बाई वेगळा निर्णय घेईल आणि तो बरोबरही असेल. पण पहिल्याच गर्भपातानंतर "काढून का टाकत नाहीस" हा प्रश्न ज्या खात्रीने विचारला जातो, तेवढी खात्री जगात कुणाकडेच नाही.

मावसबहिणीला मी हे आकडे वाचून दाखवले. ती चिडली नाही, पण तिचं उत्तर मला विसरता येत नाही. "ताई, तुझ्याकडे वाट बघायला वेळ आहे, घरात बोलायला माणूस आहे. माझ्यासमोर जी बसते तिला सासर विचारत असतं, डॉक्टरांनी काय केलं? 'काही केलं नाही' हे ती घरी जाऊन सांगू शकत नाही." हे खरं आहे. आणि तरीही गर्भाशयावरची अनावश्यक शस्त्रक्रिया ही आपल्याकडे कल्पनेतली भीती नाही. बीडच्या ऊसतोड कामगार बायकांच्या पिशव्या किती सहज काढल्या गेल्या, यावर २०१९ मध्ये सरकारला समिती नेमावी लागली. कुठे अख्खं गर्भाशय, कुठे माझा बारीकसा पडदा, तुलना होत नाही. पण "अडचण आहे ना, मग काढून टाका" हा सूर ओळखीचा वाटतो.

शब्दांचंही एक आहे. इथे माझ्या कागदांवर सगळीकडे 'मिसकॅरेज' होतं. पूर्वी इथले डॉक्टरही 'ॲबॉर्शन'च लिहायचे, १९८५ मध्ये त्यांच्यातल्याच काहींनी 'लॅन्सेट'मध्ये पत्र लिहून तो शब्द बदलायला सांगितलं. भारतातल्या रिपोर्टवर मात्र 'मिस्ड ॲबॉर्शन' असं छापून आलेलं मी मैत्रिणींच्या फायलींत पाहिलं आहे. मराठीत तर गेलेल्यालाही गर्भपात आणि केलेल्यालाही गर्भपात. पेन्शनच्या कामाला गेलेल्या वडिलांना ओळखीच्या बाईने विचारलं, "मुलीने गर्भपात केला म्हणे?" ते काही न बोलता घरी आले. आपल्याकडे शब्द नव्हता असंही नाही. सुश्रुतसंहितेत चौथ्या महिन्यापर्यंत जातो तो गर्भस्राव आणि पाचव्या-सहाव्यात जातो तो गर्भपात, असा सरळ भेद आहे. वैद्यांकडे तो शब्द राहिला, आपण तो बोलण्यातून घालवला.

कायद्याच्या बाबतीत मात्र आपल्याला खाली मान घालायचं कारण नाही. १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यात गर्भपातानंतर सहा आठवड्यांची भरपगारी रजा होती, २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ती ठेवली आहे. इथे २४ आठवड्यांआधी गेलेल्या गर्भासाठी अशी वेगळी रजा वर्षानुवर्षं नव्हती, मी आजारपणाची रजा टाकली. इंग्लंडमध्ये २०२४ पासून सरकार अशा गर्भासाठी प्रमाणपत्र देतं. मला ते नको होतं, पण ज्यांनी घेतलं त्यांचं मन मी समजू शकते. भारतातल्या माझ्या चार मैत्रिणींना विचारलं तर एकीलाही सहा आठवड्यांचं माहीत नव्हतं. एक म्हणाली, "माहीत असतं तरी घेतली नसती. एचआरला सांगायचं म्हणजे मजल्याला सांगितल्यासारखं."

लंडन आणि बेल्जियममधल्या बायकांवरचा एक अभ्यास २०२० मध्ये आला. सुरुवातीच्या काळात गर्भ गेल्यावर एक महिन्याने २९ टक्के बायकांमध्ये आघातानंतरच्या मानसिक ताणाची लक्षणं होती आणि नऊ महिन्यांनीही १८ टक्क्यांमध्ये. त्या तीन आठवड्यांच्या टेस्टनंतर मला एक फोन आला असता, एवढंच मला म्हणायचं आहे. शस्त्रक्रिया नको होती, समुपदेशनाची मोठी योजनाही नको होती. ज्या माणसाने "तुमचा आकार वेगळा आहे" म्हटलं, त्याने किंवा त्याच्या जागी दुसऱ्याने, पुढे काय ते सांगायला हवं होतं. घरी मला पुढचं सगळं सांगणारी माणसं होती, पण त्यातलं खरं किती ते कोण सांगणार? इथे खरं ठाऊक असलेली माणसं होती, ती बोलत नव्हती.

भारतातला थ्रीडी रिपोर्ट घेऊन मी इथे परत भांडले आणि अखेर एका तज्ज्ञ डॉक्टरीणबाईंची वेळ मिळाली. त्यांनी चाळीस मिनिटं दिली. पडदा आत्ता कापायचा नाही. मूत्रपिंडं दोन्ही जागेवर. पुढच्या वेळी दिवस राहिले आणि रक्तस्राव झाला तर आता मागे एक गर्भपात असल्यामुळे प्रोजेस्टेरॉन, म्हणजे गर्भ टिकायला मदत करणारं संप्रेरक, मिळेल. पुन्हा गर्भ गेलाच तर ऊती फेकायच्या नाहीत, तपासायच्या. पिशवी साफ करायची वेळ आली तर सोनोग्राफीत बघत बघत, कारण पडद्याच्या एका बाजूला काही राहून जाऊ शकतं. आणि सगळं नीट चाललं तर सोळाव्या आठवड्यापासून गर्भाशयमुखाची लांबी मोजत राहायची, कारण अशा गर्भाशयात बाळ लवकर येण्याची किंवा पायाळू असण्याची शक्यता जास्त. हे सगळं त्यांनी पत्रात लिहून दिलं, खाली थेट फोन नंबर.

रात्री आईला पत्र वाचून दाखवलं. तिने शेवटपर्यंत ऐकलं.

"म्हणजे ठरलं काय?"

"सध्या काही करायचं नाही, असं ठरलं."

"आणि काही न करायला एवढ्या तपासण्या?"

"हो आई."