घरमालकाच्या हातात सिबिल नसतं

परवा रात्री साडेदहाला भाच्याचा फोन. "मामा, देऊन टाकू काय ओ पैसे? नाहीतर सिबिल जातंय म्हणं."

पोरगा दोन वर्षं विजापूर रोडला भाड्याने राहिला. आता जुळे सोलापुरात फ्लॅट बघितलाय, होम लोनची फाइल बँकेत आहे. नेमका आत्ताच त्याच्या ग्रुपवर तो मेसेज फिरला, तुमच्याकडेही येऊन गेला असेल. घर सोडताना मालकाने काढलेला हिशोब भरला नाही तर मालक थेट सिबिलला (आपण कर्ज कसं फेडतो याची नोंद ठेवणारी कंपनी) कळवतो, मग सात वर्षं लोन नाही. रंगाचा खर्च कायद्यानेच भाडेकरूचा. अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही, बाँडवर लिहिलं ते अंतिम. आणि खाली, "पुढे पाठवा, कुणाचं तरी भलं होईल."

भलं कुणाचं होतंय ते दिसतंच आहे.

आधी सिबिलचं बघू, कारण पोरं घाबरतात ती त्यालाच. सिबिल म्हणजे काही पोलीस चौकी नाही, कुणीही जाऊन तक्रार नोंदवावी अशी. क्रेडिट माहिती कंपन्यांचा 2005 चा कायदा आहे. आपल्याकडे अशा चार कंपन्या: सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क. त्यांच्याकडे आपली माहिती जाते ती बँका, फायनान्स कंपन्या, क्रेडिट कार्डवाले यांच्याकडून. म्हणजे ज्यांनी आपल्याला कर्ज दिलं त्यांच्याकडून. घरमालकाने भाच्याला कुठलं कर्ज दिलं? उलट भाच्याचेच डिपॉझिटचे 25,000 दोन वर्षं त्याच्याकडे बिनव्याजी पडून आहेत. देणेकरी कोण, सांगा.

ते "सात वर्षं" कुठून आलं, तेही सांगतो. अमेरिकेत घर सोडतानाची थकबाकी वसुली एजन्सीकडे जाते, आणि तशी नोंद क्रेडिट रिपोर्टवर सात वर्षांपर्यंत राहू शकते. कुणीतरी तिकडचं वाचलं आणि खाली "पुढे पाठवा" चिकटवून इकडे सोडून दिलं.

आता नाइलाजाने एक मान्य करतो. डिपॉझिट भरायला एखाद्या ॲपवरून कर्ज घेतलं असेल, किंवा भाडं क्रेडिट कार्डावरून जात असेल, तर तिथला थकलेला हप्ता सिबिलवर दिसणार. पण तो हिशोब तुमचा आणि फायनान्स कंपनीचा. मालकाचा त्यात काही संबंध नाही.

नोंदणीचा मुद्दा तर सरळ उलटा आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999, कलम 55. लिव्ह अँड लायसन्स असो की साधं भाडं, करार लेखी हवा आणि नोंदवलेला हवा. अकरा महिन्यांना सूट नाही. नोंदवायची जबाबदारी मालकाची. नोंदवला नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 पर्यंत दंड, किंवा दोन्ही. आणि खरी गंमत पुढे आहे: नोंदणीकृत करार नसेल तर अटींबद्दल भाडेकरू जे म्हणेल ते धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत. भाच्याकडे काय होतं? नोटरीचा शिक्का मारलेला बाँड, म्हणजे नोंदणी नाहीच. मालक ज्याच्या जोरावर रंगाचे पैसे मागत होता तो हाच कागद.

हिशोब मी व्हॉट्सॲपवर मागवून घेतला. रंग 16,000, नळ-शॉवर बदलणे 6,500, साफसफाई 4,000, किरकोळ 5,000. एकूण 31,500. म्हणजे डिपॉझिट गेलंच, वर आणखी 6,500 द्यायचे. किरकोळ म्हणजे काय ते मालकालाही सांगता येईना. शॉवरचा फोटो होता, भोकांवर पांढरे क्षार. बोअर मालकाचं, पाणी मालकाचं, क्षार तेवढे भाडेकरूचे! दोन उन्हाळे सोसलेल्या भिंतीचा रंग उडतो तो राहण्याने. मालमत्ता हस्तांतरणाच्या 1882 च्या कायद्यातही नेहमीच्या वापराची झीज भाडेकरूच्या माथी मारलेली नाही. कपाटाचा आरसा मात्र भाच्यानेच फोडलाय आणि शेवटचं लाइट बिल राहिलंय. ते मुकाट्याने भर म्हटलं.

मग त्याच्याकडून मेसेज लिहून घेतला: आरसा आणि लाइट बिल वजा करून बाकी डिपॉझिट पंधरा दिवसांत द्यावं, प्रत्येक कामाची पावती दाखवावी, करार नोंदवलेला नाही हे लक्षात घ्यावं. किल्ली दिल्याची तारीख आणि रिकाम्या खोल्यांचे फोटो सोबत. नाही ऐकलं तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात, म्हणजे कायदेशीर मदतीच्या सरकारी कार्यालयात, अर्ज करायचा.

एवढं झाल्यावर म्हटलं, आता तुझं सिबिल काढच एकदा. वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. काढला. मालकाचा कुठे पत्ता नाही, पण तीन वर्षांपूर्वीच्या मोबाइलचा शेवटचा हप्ता थकीत! तो भरल्याची पावती पोराकडे आहे. लगेच ऑनलाइन तक्रार टाकायला लावली. तीस दिवसांत दुरुस्ती झाली नाही तर त्यापुढे तक्रारदाराला रोजचे 100 रुपये भरपाई द्यावी लागते, रिझर्व्ह बँकेचाच नियम आहे.

सकाळी मालकाचा निरोप आला, "रंगाचं निम्मं निम्मं करू की." भाच्याला म्हटलं, आधी पावती माग.