"आमच्या बाजूने सक्सेस दाखवतंय, मॅडम"

आज परत बँकेत जाऊन आले. डोकं इतकं फिरलंय की हे लिहिल्याशिवाय झोप लागणार नाही.

चवथीला चार-पाच दिवस होते. म्हापशाचा शुक्रवारचा बाजार, वरून पाऊस, खाली चिखल, दोन्ही हातांत पिशव्या. माटोळीचं, म्हणजे गणपतीच्या वर फळं टांगतात त्या चौकटीचं, सामान घेतलं: सुपारीचा घड, तोरिंगं, आंबाडे, कवंडाळं, चिबूड, शिवाय नारळ. सगळे मिळून १,८६० रुपये. विकणाऱ्या मावशीच्या टोपलीजवळ क्यूआर आणि पैसे मिळाले की ओरडणारा तो डबा. स्कॅन केलं, पिन टाकला, चक्र फिरत बसलं. मोबाईलवर मेसेज आला, खात्यातून १,८६० वजा. डबा गप्प. मी डब्याकडे बघते, मावशी माझ्याकडे, मागची रांग आम्हा दोघींकडे. ॲपवर एकच शब्द: प्रोसेसिंग.

पर्समध्ये रोख २०० रुपये. शेवटी मावशीच म्हणाली, "वच गे बाय, पयशे मागीर दी." ना कागद, ना फोन नंबर. पुढच्या शुक्रवारी रोख नेऊन दिले तेव्हा रकमेची आठवण मला करून द्यावी लागली नाही. म्हणजे एका माटोळीला माझ्या घरातून ३,७२० रुपये बाहेर पडले.

मग सुरू झाली बँकेची वारी. आधी कस्टमर केअर. हे दाबा, ते दाबा, गाणं ऐका. "मॅडम, आमच्या बाजूने सक्सेस दाखवतंय, तुम्ही समोरच्या बँकेला विचारा." मी त्या बँकेची खातेदारच नाही, मला तिथे कोण उभं करणार? की मावशीने बाजार सोडून टोकन घेऊन बसायचं? १२ आकडी यूटीआर नंबर, म्हणजे त्या व्यवहाराचा ओळख क्रमांक, मी पाच वेळा पाच जणांना वाचून दाखवला. दर वेळी नवा तक्रार क्रमांक, दर वेळी "काय झालं ते सांगा जरा". अहो, मागच्याला सांगितलं ते कुठे गेलं? शाखेत गेले तर म्हणतात स्क्रीनशॉटची प्रिंट आणा, पासबुकाची झेरॉक्स आणा. त्यांनीच छापलेलं पासबुक, त्यांच्याच कॉम्प्युटरमधली नोंद, आणि झेरॉक्स मी आणायची!

माझा संताप पैशांवरून नाही. (पैशांवरूनही आहे.) संताप याचा आहे की त्यांना सगळं दिसतं. गेली बारा वर्षं मी डिचोलीत एका दुकानाचे हिशेब ठेवते, मला शिकवू नका. पैसे हवेत विरत नाहीत. माझ्या बँकेत नोंद, तिच्या बँकेत नोंद, मध्ये यूपीआय चालवणारी संस्था एनपीसीआय, तिच्या यंत्रणेत नोंद. सेटलमेंट, म्हणजे बँकांची आपसातली देवघेव, झाली की या नोंदी एकमेकींशी ताडून बघतात. जे इथून निघालं आणि तिथे पोचलं नाही, ते न जुळलेल्या नोंदींत उघडंनागडं उभं असतं. आमचे बाबा रोजमेळ लिहायचे. नावातच मेळ आहे. संध्याकाळी आठ आणे कमी आले तरी पेटी बंद व्हायची नाही, आई ताट वाढून वाट बघत बसायची. आणि गिऱ्हाईकाकडे त्यांनी कधी "तुमच्या घरची वही आणा, मग बघतो" म्हटलेलं मला आठवत नाही.

बरं, नियम नाही असंही नाही. रिझर्व्ह बँकेचं परिपत्रक आहे, २० सप्टेंबर २०१९ चं. दुकानदाराला यूपीआयने पैसे दिले, खात्यातून गेले पण पैसे मिळाल्याचा निरोप त्याच्याकडे आला नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर ५ दिवसांत ते आपोआप परत यायला हवेत. नाही आले तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई, आणि तीही ग्राहकाच्या तक्रारीची वाट न बघता, आपणहून. दहाव्या दिवशी मी हे मोबाईलवर काढून मॅनेजरसमोर धरलं. त्याने चष्मा वर केला, खाली केला, म्हणाला, "असं काही आमच्याकडे आलेलं नाही, हेड ऑफिसला मेल टाका." सहा वर्षांत आलं नाही! पायी निघालं असतं तरी पोचलं असतं.

मुलगा फर्मागुडीला इंजिनिअरिंगला आहे. माझी चिडचिड ऐकून हसायला लागला. म्हणे, आई, तुझ्यासारखाच एक तापट माणूस होता, रिचर्ड हॅमिंग, अमेरिकेत बेल लॅब्जमध्ये. शनिवार-रविवारी यंत्राला काम लावून जायचा. सोमवारी येऊन बघतो तर यंत्राने चूक सापडली म्हणून काम अर्धवट टाकून दिलेलं. लागोपाठ दोनदा. तो भडकला: चूक झालेली यंत्राला कळते, तर कुठे झाली ते शोधून सुधारत का नाही? त्या रागातून जे निघालं ते १९५० मध्ये छापून आलं. माहितीच्या ४ बिटांना, म्हणजे शून्य-एकच्या चार आकड्यांना, ३ राखणदार बिट जोडायचे, मग सातांतला एक कुठलाही बिघडला तर कोणता ते यंत्रालाच कळतं. पंचाहत्तर वर्षं झाली या गोष्टीला! आणि माझ्या बँकेत अजून ते राखणदाराचं काम मी करतेय, हातात झेरॉक्स घेऊन.

आणि हो, यंत्रं चुकतात वगैरे मला सांगू नका. याच दिवसांत एसएमएसच्या सेवेचे १७ रुपये ७० पैसे खात्यातून बरोबर कापले गेले. तिथे सर्व्हर डाऊन नाही, प्रोसेसिंग नाही, समोरची बँक नाही. सत्तर पैशांचीसुद्धा चूक नाही.

एकोणिसाव्या दिवशी १,८६० आले. तेवढेच. ५ दिवस सोडून १४ दिवसांचे १,४०० रुपये कुठे आहेत, हे विचारायला आज गेले होते. काउंटरवरचा मुलगा म्हणतो, "पैसे आले ना तुमचे? मग तक्रार क्लोज झाली." कोणी केली क्लोज? मी तर नाही केली. घरी पोचायच्या आत मोबाईलवर मेसेज: आमची सेवा कशी वाटली, पाचपैकी किती तारे?

दहाव्या दिवशी, सोमवारी, लेखी अर्ज दिला होता, भरपाईच्या मागणीसकट. तेव्हाही तो मुलगा "ठेवा इथे, बघतो" म्हणत होता. मी काउंटरवरून हलले नाही. मागे लोक कुरकुरत होते, कुरकुरू देत. पोच घेतली, तारखेसकट, शिक्क्यासकट. येत्या बुधवारी ३० दिवस पुरे होतात, त्यानंतर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते. अर्ज लिहून तयार आहे. पासबुकाची झेरॉक्स तर आहेच, चार प्रती.