तांबे चुंबकाला चिकटत नाही, तरी चुंबक नळीत का रेंगाळतो? एका प्रतिक्रियेला उत्तर

स. न.

तांब्याच्या नळीतून पडणाऱ्या चुंबकावरच्या माझ्या लेखावर आपण सविस्तर आक्षेप घेतलेत, त्याबद्दल आभार. आपले म्हणणे थोडक्यात असे, की तांबे चुंबकाकडे ओढले जात नाही, तेव्हा चुंबक हळू पडतो तो नळीत कोंडलेल्या हवेमुळे; ऊर्जेची उष्णता होते म्हणावे, तर नळी हाताला गरम लागत नाही; आणि लेन्झचा नियम (बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे निर्माण होणारी विद्युतधारा त्या बदलाला विरोध करते) धारेची दिशा ओळखण्यापुरता असताना शाळकरी मुलांच्या डोक्यावर ऊर्जेच्या अक्षय्यतेचे ओझे कशाला?

तांब्याबद्दलचे आपले विधान बरोबर आहे, निष्कर्ष मात्र त्यातून निघत नाही. नळी म्हणजे एकावर एक रचलेल्या तांब्याच्या बांगड्या आहेत असे समजा आणि चुंबकाचा उत्तर ध्रुव खाली आहे असे धरा. चुंबक जवळ येतो तसे खालच्या बांगडीतून जाणारे चुंबकीय क्षेत्र वाढत जाते, आणि या बदलामुळे तिच्यात विद्युतधारा प्रवर्तित होते. वरून पाहिल्यास ती घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरते, म्हणजेच बांगडीची वरची बाजू उत्तर ध्रुवासारखी वागते आणि येणाऱ्या चुंबकाला वर ढकलते. चुंबक ज्या बांगडीतून नुकताच बाहेर पडला, तिच्यातले क्षेत्र कमी होत असल्याने तिथली धारा उलट फिरते आणि त्याला मागे, म्हणजे वरच, ओढते. तांबे स्वतः चुंबकीय असण्याची यात कुठेच गरज पडत नाही. ते उत्तम सुवाहक असले की पुरे.

हवेचा संशय सहज तपासता येतो. चुंबकाच्याच आकाराचा, पण चुंबकत्व नसलेला लोखंडाचा तुकडा त्याच नळीत सोडा. एक मीटर लांबीच्या नळीतून तो सुमारे 0.45 सेकंदात बाहेर येईल. जोरदार निओडिमियम चुंबकाला मात्र काही सेकंद लागू शकतात. (नळीला उभी चीर पाडून पाहण्याचा प्रयोग मी मुद्दाम सुचवत नाही, कारण चिरेतून हवाही निसटते आणि धारेचा मार्गही तुटतो; मग चुंबक वेगाने पडला, तरी कशामुळे ते ठरवता येत नाही.)

उष्णतेचा हिशेब मी मूळ लेखात दिला नव्हता, तो आता देतो. 20 ग्रॅमचा चुंबक एक मीटर खाली येतो तेव्हा सुमारे 0.2 ज्यूल स्थितिज ऊर्जा कमी होते. ती जवळजवळ सगळी तांब्यात उष्णता होऊन उतरली, तरी अर्ध्या किलोच्या नळीचे तापमान फार तर 0.001 अंश सेल्सिअसने वाढेल. एवढा फरक हाताला कसा कळणार?

तांब्याच्या या वागण्याने पूर्वी भलेभले चक्रावले होते. तांब्याची चकती फिरवली की तिच्यावर टांगलेली चुंबकसूची तिच्यामागोमाग फिरू लागते, हे अरागो यांनी 1824 च्या सुमारास पॅरिसमध्ये दाखवले. पण त्याचा उलगडा 1831 मध्ये फॅरडे यांनी प्रवर्तित धारा शोधून काढल्यावरच झाला. त्या धारेच्या दिशेचा नियम लेन्झ यांनी 1834 मध्ये मांडला.

आता ऊर्जेच्या ‘ओझ्या’बद्दल. धारेची दिशा उलटी असती, तर खालच्या बांगडीने चुंबकाला खाली खेचले असते, त्याने वेग वाढला असता, त्या वेगाने धारा वाढली असती आणि वाढत्या धारेने पुन्हा वेग. चुंबक नुसता सोडून देण्याच्या बदल्यात वेग आणि वीज दोन्ही फुकट मिळाली असती. हे अशक्य आहे एवढे पटले, की विद्यार्थी प्रवर्तनाच्या समीकरणातले, हा विरोध दाखवणारे ऋण चिन्ह स्वतःच लिहितो. याच विचाराने तो हेही सांगू शकतो, की चुंबक नळीत अधांतरी थांबणार नाही: तो थांबला तर क्षेत्रातला बदल थांबेल, धारा शून्य होईल, वर ढकलणारे बल नाहीसे होईल आणि चुंबक लगेच पुन्हा पडू लागेल. म्हणूनच तो थांबत नाही. वरचे बल त्याच्या वजनाइतके झाले, की तिथून पुढे एकाच संथ वेगाने उतरत राहतो.